दम्याचं इंजेक्शन नक्की कुणासाठी? वाचकांचे प्रश्न, छातीच्या डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात दम्यावरच्या ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनांबद्दल (प्रतिकारशक्तीतला एखादाच ठरावीक रेणू अडवणारी, प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी) चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना इथे घेता येणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. माझी आई ५४ वर्षांची आहे, दमा जुनाच आहे. इन्हेलर रोज घेते, मी समोर उभी राहून घ्यायला लावते. तरी वर्षातनं चार वेळा तरी अटॅक येतो आणि दर वेळी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा आठवड्याचा कोर्स होतो. आता शुगरपण निघाली. डॉक्टर म्हणतायत आयएल-५ नावाचा रेणू अडवणारं इंजेक्शन चालू करू. पण हे इंजेक्शन प्रतिकारशक्तीच बंद करतं असं ऐकलं, मग कोरोनासारखं काही आलं तर? खूप टेन्शन आलंय. — एक मुलगी, नाशिक

उत्तर : ताई, प्रतिकारशक्ती बंद वगैरे होत नाही. आणि खरं सांगू का, टेन्शन घ्यायचंच असेल तर त्या गोळ्यांच्या कोर्सचं घ्या. हिशोब करून बघा, रोज ४० मिलिग्रॅम सात दिवस म्हणजे २८०, वर्षातून चारदा म्हणजे अकराशेच्या वर. आयुष्यभरात सगळं मिळून ५०० ते १००० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (या गोळ्यांतलं स्टेरॉइड) पोटात गेलं तरी डायबेटिस, मोतीबिंदू, हाडं ठिसूळ होणं हे सगळं वाढायला लागतं असं ब्रिटनमधल्या दमेकऱ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात २०१८ साली दिसलं होतं. तुमच्या आईंनी ती मर्यादा एका वर्षात ओलांडली.

आता इंजेक्शन काय करतं ते सांगतो. श्वासनळीच्या आतल्या अस्तराला धूळ, धूर, परागकण, सर्दीचा व्हायरस असं काही लागलं की तिथल्या पेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ नावाचे रेणू सोडतात, हे म्हणजे बाकीच्या पेशींना धाडलेले निरोप. ते निरोप मिळाले की काही खास पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि त्या पुढचे निरोप धाडतात, त्यातले तीन दम्यात महत्त्वाचे. आयएल-४ मुळे आयजीई नावाची अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी बनते. आयएल-१३ मुळे चिकट कफ वाढतो आणि नळ्या जरा कशानेही आवळायला लागतात. आणि आयएल-५ मुळे हाडांच्या मज्जेत इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त बनतात, जास्त दिवस जगतात आणि रक्तातून फुफ्फुसात जाऊन बसतात. आईंच्या नळ्यांना आतून जी सूज येते ती बहुतेक या इओसिनोफिलची असणार, म्हणून तर डॉक्टरांनी हे औषध सुचवलंय.

स्टेरॉइड हे सगळे निरोप एकदम दाबतं, म्हणून पटकन बरं वाटतं आणि म्हणूनच शुगर, बीपी, हाडं, डोळे सगळीकडे त्याचा त्रास होतो. मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन फक्त आयएल-५ ला पकडून ठेवतं, बाकी प्रतिकारशक्ती आपलं काम करत राहते. महिन्याला एकदा, म्हणजे दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, कातडीखाली. दुसरं बेनरालिझुमॅब, ते इओसिनोफिलवर आयएल-५ चा निरोप जिथे पोचतो त्या रिसेप्टरला चिकटतं आणि मग आपल्याच शरीरातल्या दुसऱ्या पेशी येऊन त्या इओसिनोफिलला मारतात, त्याचे पहिले तीन डोस चार-चार आठवड्यांनी आणि नंतर आठ-आठ आठवड्यांनी. सुई टोचली तिथे दुखणं, डोकं दुखणं असा किरकोळ त्रास होतो काहींना. मेपोलिझुमॅबवर काही जणांना नागीण उठलेली आहे, तेव्हा त्याची लस आधी घ्यायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. इंजेक्शन लागू पडलं आणि आईंना बरं वाटायला लागलं तरी इन्हेलर बंद करायचा नाही. आणि गोळ्या जर खूप महिने सलग चालू असतील तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत. किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल म्हणून ग्रंथी असते ती इतक्या दिवसांत स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेली असते, तिला परत सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस हळूहळूच उतरवायचा आणि तोही डॉक्टर सांगतील तसाच.

प्रश्न : सर, माझ्या मोठ्या भावाने पाच महिने दम्याचं महागडं इंजेक्शन घेतलं, काडीचा फरक नाही. नातेवाईक म्हणतात कंपन्यांचा धंदा आहे सगळा. खरंच यात काही तथ्य आहे का? — सांगली

उत्तर : दादा, तुमचा राग समजू शकतो, इतके पैसे घालून फरक नाही म्हटल्यावर माणूस चिडणारच. पण ‘लागू पडलं नाही’ याच्या मागे बहुतेक वेळा ‘चुकीच्या माणसाला दिलं’ हे कारण असतं. आणि हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या बाबतीतही झालेलं आहे, तो किस्सा मला थोडा सविस्तरच सांगू दे.

सन २००० मध्ये ब्रिटनमधल्या टीमने आयएल-५ अडवणारं मेपोलिझुमॅब सौम्य दमा असलेल्यांना दिलं. रक्तातले इओसिनोफिल धाडकन खाली आले, पण अ‍ॅलर्जीची वस्तू हुंगवल्यावर नळ्या जशा आवळायच्या तशाच आवळत राहिल्या. म्हणजे पेशी गेल्या, दमा तसाच. पुढे २००७ मध्ये मोठी ट्रायल झाली त्यातही रुग्णांना काही खास फायदा दिसला नाही आणि बऱ्याच जणांनी औषधावर फुली मारली. तेव्हा काही डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला की या ट्रायलमध्ये दमेकरी घेतले ते सरसकट का घेतले? ज्यांच्या कफात इओसिनोफिल आहेतच, गोळ्या घेऊनही आहेत आणि ज्यांना सारखे अटॅक येतात अशांनाच देऊन का नाही बघायचं? इंग्लंडमध्ये लेस्टरला ६१ जणांवर आणि कॅनडात हॅमिल्टनला फक्त २० जणांवर असे दोन छोटे अभ्यास झाले, दोन्ही २००९ मध्ये एकाच वेळी छापून आले आणि दोन्हींत अटॅक कमी झाले. औषध तेच, माणसं नीट निवडली एवढाच फरक. मग २०१४ मध्ये ५७६ जणांच्या ट्रायलमध्ये अटॅक जवळपास निम्म्यावर आले, आणि रोज स्टेरॉइड खाणाऱ्या १३५ जणांच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये गोळ्यांचा डोस, सगळ्यांचे आकडे ओळीने लावून मधला बघितला तर, ५० टक्के उतरला, डमी इंजेक्शनवाल्यांचा शून्य टक्के. २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. सौम्य दम्यात नापास ठरलेलं औषध पंधरा वर्षांनी बाजारात आलं ते योग्य रुग्ण सापडला म्हणून.

उलटही झालंय. एकट्या आयएल-१३ ला अडवणारी लेब्रिकिझुमॅब आणि ट्रालोकिनुमॅब ही औषधं दम्याच्या मोठ्या ट्रायल्समध्ये टिकली नाहीत (पुढे ती एक्झिमा या त्वचेच्या आजारासाठी कामाला आली), पण आयएल-४ आणि आयएल-१३ या दोघांचा निरोप जिथे पोचतो तो रिसेप्टरच अडवणारं ड्युपिलुमॅब दम्यात चाललं. संधिवातात वापरतात ते टीएनएफ नावाचा निरोप अडवणारं गोलिमुमॅब तीव्र दम्यात देऊन बघितलं तर फायदा दिसला नाही आणि वर गंभीर इन्फेक्शन आणि कॅन्सर जास्त दिसायला लागले म्हणून थांबवावं लागलं. तेव्हा ‘प्रतिकारशक्तीचा रेणू अडवला’ एवढ्याने भागत नाही, कुठला रेणू आणि कुणाचा हे बघावंच लागतं.

म्हणून भावाचे रिपोर्ट काढून बसा आणि डॉक्टरांना विचारा की इंजेक्शन सुरू करायच्या आधी इओसिनोफिलचा अ‍ॅब्सोल्यूट काउंट (रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे किती पेशी) किती होता? आयएल-५ च्या औषधांसाठी साधारण १५० किंवा ३०० च्या वर असावा लागतो आणि जितका जास्त तितका फायदा व्हायचा चान्स जास्त. हा काउंट गोळ्यांचा कोर्स चालू असताना काढला असेल तर तो फसवा, कारण स्टेरॉइड इओसिनोफिल लपवतं. आयजीई किती, धूळ-झुरळ-बुरशीची अ‍ॅलर्जी टेस्ट केली का, फुंकर मारून करतात ती फेनोची (श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजायची) टेस्ट केली का, नाकात पॉलिप म्हणजे मऊ गाठी आहेत का हेही विचारा. एक औषध नाही चाललं म्हणजे दुसरं चालणार नाही असं अजिबात नाही, चार ते सहा महिन्यांत फरक नसेल तर औषध बदलणं किंवा थांबवणं हे बरोबरच आहे. भाऊ सिगारेट ओढत असेल किंवा मुळात सीओपीडी (बहुतेकदा धुराने होणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार), हृदयाचा त्रास असलं दुसरंच काही असेल तर तेही आधी शोधायला हवं.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातला, वय ३१. दोन महिन्यांपासून रात्री खोकला येतो, झोपूच देत नाही, छातीत शिट्टी वाजते. रक्त तपासलं तर इओसिनोफिल ३८०० निघाले. मोबाइलवर वाचलं की इओसिनोफिल वाढले की आयएल-५ चं इंजेक्शन लागतं. इथे मिळत नाही, नागपूरला जावं लागेल का?

उत्तर : नागपूरला जायला हरकत नाही पण इंजेक्शनसाठी नका जाऊ, आधी हत्तीरोगाच्या अंगाने तपासून घ्या! तुमच्या वयात, तुमच्या भागात, रात्रीचा खोकला आणि इओसिनोफिल तीन हजाराच्या वर म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. डास चावून जंतू शरीरात जातात, पाय सुजलेला नसतो, काही दिसत नसतं, पण त्या जंतूंची बारीक पिल्लं फुफ्फुसात अडकतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. हुबेहूब दम्यासारखं वाटतं, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं दम्याचे पंप ओढत बसतात. फायलेरियाची म्हणजे हत्तीरोगाची अँटिबॉडी टेस्ट, आयजीई, छातीचा एक्स-रे एवढं करून घ्या. निदान तेच निघालं तर डीईसी नावाच्या साध्या, स्वस्त गोळ्या साधारण तीन आठवडे घ्यायच्या असतात, बहुतेकांना त्यात चांगला आराम पडतो, फक्त त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्या.

हे फक्त विदर्भापुरतं नाही. आपल्या देशात पोटात जंत असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही आणि जंतांनीही इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही वाढतात. इओसिनोफिल आणि आयजीई ही मुळात शरीराची जंतांविरुद्धची फौज, म्हणून आयएल-५, आयएल-४ किंवा आयजीई अडवणारं कुठलंही इंजेक्शन सुरू करायच्या आधी जंत असतील तर ते काढून टाकायचे असा नियमच आहे. परदेशातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत ते असे. शिवाय आपल्याकडे दमेकऱ्यांमध्ये अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची अ‍ॅलर्जी, म्हणजे एबीपीए, बरीच सापडते, आयजीई हजाराच्या वर असला तर ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिचे उपचार वेगळे आहेत.

प्रश्न : मी सकाळ-संध्याकाळ पंप घेतो तरी जिना चढताना धाप लागते. वय ४५, ठाणे. माझ्यासाठी इंजेक्शन योग्य राहील का?

उत्तर : आधी पंप कसा घेता ते मला बघायला आवडेल. ओपीडीत मी प्रत्येकाला माझ्यासमोर घ्यायला लावतो आणि जे दिसतं ते दरवेळी तेच असतं. माणूस पंप हलवत नाही, तोंड उघडतो, आत हवा भरलेलीच असते, जिभेवर फवारा मारतो आणि लगेच बोलायला लागतो. औषध सगळं जिभेवर. पंप हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट मिटा, श्वास सावकाश आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबा, खोल ओढा आणि दहा सेकंद धरून ठेवा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला तर निम्मं काम सोपं होतं. रोटाहेलर असेल तर ओढून झाल्यावर कॅप्सूल बघा, आत पावडर उरली असेल तर परत ओढा. नंतर चूळ भरा, घसा खळखळून धुवा.

आणि कुठला पंप हेही बघा. निळा, म्हणजे नुसता साल्ब्युटामॉलचा पंप फक्त नळ्या उघडतो, सूज तशीच राहते. एकट्या त्या पंपावर दमा सांभाळू नका असं दम्याची जागतिक मार्गदर्शक संस्था ‘गिना’ २०१९ पासून स्पष्ट सांगतेय. जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात आहेत पण दम्याने होणारे ४० टक्क्यांहून जास्त मृत्यू भारतात होतात, आणि त्यामागे इंजेक्शन नाही मिळालं हे कारण नाही, साधा स्टेरॉइडचा इन्हेलर नाही मिळाला किंवा लोकांनी ‘सवय लागेल’ म्हणून घेतला नाही हे मोठं कारण आहे. याचं मला फार वाईट वाटतं कारण हे मृत्यू टळण्यासारखे आहेत. इन्हेलरमधलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे गोळीपेक्षा फारच कमी. तेव्हा तीन महिने पंप नीट घ्या, मग बोलू.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून रोज रात्री मॉन्टेलुकास्टची गोळी चालू आहे. हल्ली झोपेत दचकून उठतो, चिडचिड करतो, शाळेतून तक्रार आली. गोळीमुळे असेल का? — एक आई, पुणे

उत्तर : असू शकतं, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. हीसुद्धा निरोपाचा रेणूच अडवणारी गोळी आहे. ल्युकोट्राइन नावाचे रेणू नळ्या आवळतात, त्यांच्यावर काम करणाऱ्या स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएल्सन यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि १९९८ पासून ही गोळी दम्यासाठी वापरात आली. औषध वाईट नाही पण आपल्याकडे सर्दी-खोकल्याला लेव्होसेट्रिझिन या सर्दीच्या गोळीच्या जोडीने ती सर्रास लिहिली जाते, मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही देतो, आणि एकदा चालू झाली की बंद करायची आठवण कुणाला राहत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला : वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारसुद्धा. हे लगेच डॉक्टरांना कळवा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका. मुलं इन्हेलरवर, स्पेसर लावून, उत्तम राहतात आणि लहानपणी दम्याला तोच पहिला उपाय आहे. आपण होऊन सगळंच बंद करू नका मात्र, पंप चालू राहू दे.

प्रश्न : दिवाळीत फटाक्यांच्या धुराने अटॅक येतो. तेव्हा हे इंजेक्शन घेतलं तर चालेल का?

उत्तर : नाही. अटॅक आला की रिलीव्हर पंप, तो पुरला नाही तर सरळ हॉस्पिटल. ही इंजेक्शनं अटॅक येऊ नये म्हणून आहेत. संशोधन मात्र त्या दिशेने चालू आहे, ऑक्सफर्ड आणि लंडनच्या डॉक्टरांनी इओसिनोफिल वाढलेल्या १५८ जणांवर अटॅकच्या वेळीच बेनरालिझुमॅबचा एक डोस देऊन बघितला, २०२४ मध्ये निकाल आला : ९० दिवसांत फक्त प्रेडनिसोलोन घेतलेल्या ७४ टक्क्यांचा उपचार फसला, इंजेक्शनवाल्यांचा ४५ टक्क्यांचा. आशा वाटण्यासारखं आहे. पण अजून नेहमीच्या वापरात आलेलं नाही.

प्रश्न : इंजेक्शन आयुष्यभर घ्यावं लागतं का? खर्च झेपणार नाही असं वाटतंय. त्यापेक्षा कोजागरीला खिरीतून देतात ते औषध घेऊन बघू का? — सातारा

उत्तर : एकेका डोसला पाच आकडी रक्कम जाते, हे खरंच सामान्य घराला झेपणारं नाही आणि मला हे लिहितानाही बोचतं. दोन गोष्टी करा. हेल्थ पॉलिसी असेल तर ती काढून नीट वाचा, विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांमध्ये इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे याच प्रकारच्या औषधांचं, नाव आधुनिक उपचारांच्या यादीत आलं होतं, तेव्हा ‘हे बसतच नाही’ असं एजंट म्हणाला तरी लेखी मागा, फक्त डे-केअरची अट आणि रकमेची मर्यादा असू शकते ती बघून घ्या. दुसरं, आयजीई अडवणारं ओमॅलिझुमॅब हे या घराण्यातलं सगळ्यात जुनं, अमेरिकेत २००३ पासून आहे, आणि त्याचं पहिलं बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळपास तसंच औषध) २०२४ मध्ये युरोपात मंजूर झालंय. बायोसिमिलर वाढले की किमती उतरतात, बाकी आजारांत ते आपण बघितलंय.

आयुष्यभर का, तर चार ते सहा महिन्यांनी आढावा, मग वर्षाने. फायदा असेल तर चालू ठेवतात, कारण बंद केल्यावर बऱ्याच जणांचे इओसिनोफिल परत वाढतात आणि अटॅक परत येतात. डोसमधलं अंतर मात्र वाढत चाललंय. डेपेमोकिमॅब नावाचं आयएल-५ वरचंच नवीन औषध सहा महिन्यांतून एकदा दिलं तरी अटॅक निम्म्याच्या आसपास येतात असं २०२४ च्या ट्रायल्समध्ये दिसलं.

कोजागरीच्या औषधाबद्दल तुमच्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही, पण ते दमा बरा करतं याला पुरावा नाही आणि त्यात काय घातलंय हे देणाराही सांगत नाही. रात्रभर थंडीत जागणं हे दमेकऱ्याला वेगळंच सोसावं लागतं. गेलातच तर पंप खिशात ठेवा आणि ‘आता इन्हेलर सोडा’ असं कुणी म्हणालं तर तेवढं मात्र ऐकू नका, त्या एका सल्ल्याने आयसीयूत आलेली माणसं मी बघितलीत.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, बाबा कोल्हापूरला. इथून त्यांच्यासाठी ड्युपिलुमॅब घेऊन आले तर? ते प्रीफिल्ड पेनमध्ये मिळतं, बाबा घरीच टोचून घेतील.

उत्तर : बाबांची काळजी कळते, पण नको. तिथे ते त्याच पेशंटच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, तुमच्या नावावर घेऊन बाबांना देणं बरोबर नाही. दुसरं, ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, चेक-इन बॅगेत गोठलं तर वाया गेलं आणि बघून काही कळतही नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, बाबांना ड्युपिलुमॅबच लागेल हे अजून कुणी ठरवलेलं नाही. नाकात पॉलिप असतील, वास येत नसेल, फेनो वाढलेला असेल तर ते छान बसतं. पण त्याने सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल उलट वाढू शकतात, आणि ज्यांचे आधीच खूप जास्त आहेत त्यांच्यात जपून वापरावं लागतं. पहिले डोस डॉक्टरांसमोरच व्हायला हवेत, अ‍ॅलर्जीची जोरदार रिअ‍ॅक्शन क्वचितच येते पण आली तर घरात काही करता येत नाही. त्यापेक्षा या सुट्टीत आलात की बाबांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा, जाताना गेल्या दोन वर्षांचे सगळे सीबीसी रिपोर्ट आणि गोळ्यांचे कोर्स कधी-कधी झाले त्याच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. पीएफटी म्हणजे फुंकण्याची तपासणी त्याच दिवशी होऊन जाते.